हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन

पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं:
पालेभाजी, अंडी, गूळ-शेंगदाणे, खजूर, डाळिंब.
डाळिंबावर मी बसस्टॉपवरच रेघ मारली.
केतकी म्हणाली, बाबा, खजूर राहू दे यादीत,
दुकानात जाऊन नुसता वास घेऊन येईन.
आणि हसली. फिकट हिरड्यांनी.

चार हजार दोनशे रुपये, दोन माणसं, तीस दिवस.
महिना एकतिसाचा असला
की शेवटच्या रात्री पेज.

म्हणून शिकलो.
मटकी फडक्यात बांधून
गरम भाताच्या पातेल्याला टेकवून ठेवली
की भांडुपच्या ओल्या हवेतही मोड धरते.
नाचणीला आधणाचं पाणी लागतं, नाहीतर भाकरी
थापतानाच तडकते, रागावल्यासारखी.
बिटाचा पाला भाजीवाला फेकूनच देतो.
शेळी पाळलीय का, त्याने विचारलं.
हो म्हणालो.
आईचा लोखंडी तवा माळ्यावरून काढला,
गंज खरवडला, पुन्हा कामावर घेतला.
भाजीवर लिंबू पिळायचं, जेवणावर लगेच चहा नाही.
हे सगळं मला पन्नाशीत कळतंय,
तिची आई असती तर हसली असती.

मे महिन्यात भानूताईंच्या पाटीत
वीतभर सुरमया होत्या, ऐंशीला तीन.
मी हात घातला, तर त्यांनीच
वर ओलं गोणपाट ओढलं.
"या नको नेऊस. एकदाही अंडी घातली नाहीत यांनी,
पोरं आहेत अजून.
बोटवाला आणतो, मला विकायला लागतात.
तुला घ्यायला थोडंच लागतं?"
मग सुका जवळा दिला, वाटीभर, वर एक चिमूट.
मला वाटायचं, नीती ही भरल्या पोटाची गोष्ट.
बाई सकाळपासून एका चहावर होती.

तेव्हापासून घरात एक कायदा:
जमिनीवर बसून विकणाऱ्याशी घासाघीस नाही.

अठ्ठावीस जुलैला मी तो मोडला.
पुलाखाली मथी बसते, डोंगरातून येते,
टाकळ्याची जुडी वीसला.
मी म्हणालो, तीसला दोन.
तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, छत्रीकडे पाहिलं.
"तीनला निघालो आम्ही घरून," एवढंच.
दोन्ही जुड्या पिशवीत टाकल्या
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी जुडी सोडायला बसलो.
गाठ जांभळ्या चिंधीची, साडीच्या काठातली,
इतकी पक्की की दात लावावे लागले.
केतकी पानं खुडत होती.
केवढ्याला?
तीसला दोन.
ती थांबली. वहीतलं गणित तपासावं तशी म्हणाली,
"म्हणजे दहा रुपये आपण तिच्या पोटातले खाल्ले."
आणि पुन्हा खुडू लागली.

भाजी झाली. लसूण, सुकी मिरची, खोबरं नाही.
थोडी कडसर.
फार छान झाली होती, तीच तर पंचाईत.
दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

पुढच्या आठवड्यात दहाची नोट घडी करून
पुलाखाली गेलो.
तिच्या जागी एकजण मोबाइलची कव्हरं मांडून बसलेला.
मथी? त्याला नावही माहीत नव्हतं.
ती नोट आता डाळीच्या डब्यात आहे.
हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहावी,
कळत नाही. जमेत नाही. खर्चात नाही.

ऑक्टोबरात दहा पॉइंट चार.
डॉक्टरबाई म्हणाल्या, वा! काय काय दिलंत?
मी सगळं सांगितलं, जवळा, पाला, तवा.
टाकळा म्हणताना
केतकीने माझ्याकडे पाहिलं.

चिंधी तिने धुऊन ठेवलीय.
हल्ली मटकीच्या फडक्याला तीच बांधते,
घट्ट, तशीच गाठ मारायला बघते.
जमत नाही.
सकाळी उघडलं की थोडी सैल झालेली असते
आणि पांढरे मोड
फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असतात.